पुढे बसणारीचं काम

सुताराने नदीचा नकाशा टेबलावर पसरला आणि कोपऱ्यांवर पटाशी, रंधा, हाताला लागेल ते ठेवलं. बायको गेल्यापासून तो गुंडाळलेलाच होता. ही नदी तिनेच हेरली होती: दूर जंगलातली, खडकांतून फेसाळत उतरणारी, वाटेत ना गाव ना माणूस. उन्हाळ्यात होडी घेऊन जायचं, असं दोघांचं ठरलं होतं.

आता लेक हट्टाला पेटली होती. "आईच्या जागेवर मी बसते, बाबा. पण जाऊ या."

"आधी इथे बसून दाखव."

होडी गॅरेजच्या फरशीवरच होती. लेक पुढे बसली, तो मागे. समोर उजव्या अंगाला हत्यारांची पेटी ठेवली, तो खडक. पुढच्याने खडक बघून कुठे वळायचं ते ओरडायचं, मागच्याने होडी वळवायची. मागच्याला पुढचं धड दिसत नाही, त्याची सगळी भिस्त त्या आवाजावर.

"डावीकडे!" लेक ओरडली.

त्याने वल्हं मारलं ते उजवीकडे वळायला.

"घातलीत खडकावर!"

पुन्हा केलं. पुन्हा तेच.

"झालंय काय तुम्हाला?"

"तुझी आई गडबडली की डाव्याला उजवं म्हणायची. सुरुवातीला बुडता बुडता वाचलो. मग मीच उलटं ऐकायला शिकलो. तिला कधी बोललो नाही. आपल्यासारखं पाणी कुणाला कळत नाही, असं वाटायचं तिला."

लेकीला हसू फुटलं. "तरीच! गाडीत ती रस्ता सांगायची आणि तुम्ही निमूट भलतीकडे वळायचात. मग मीही उलटं ओरडते."

"पाण्यात जीवावर बेतलं की तुझ्या तोंडून बरोबर तेच निघेल. तू माझ्यावर गेलीयस. माझी सवय मोडली तरच जायचं. नाहीतर बुडवीन तुला."

चहा निवून गेला. पेटी कधी डावीकडे, कधी उजवीकडे सरकत राहिली. उन्हं कलली तेव्हा कुठे त्याचे हात विचार न करता बरोबर वळू लागले.

"जमलं! आता जायचं ना?"

"जायचं." वल्हं मांडीवर आडवं घेऊन तो बसून राहिला. पेटी उजवीकडे होती. "एकदा तिच्यासारखं ओरड," तो म्हणाला. "शेवटचं."

लेकीने मागे वळून पाहिलं नाही. पेटीवर नजर ठेवून ती ओरडली.

"उजवीकडे!"

त्याचे हात सरळ उजवीकडे वळले, पेटीवर.