हातभर सरकलेला दगड

पुण्याच्या एका संस्थेत चेतना ताऱ्यांवर संशोधन करायची, आणि ते काम इतकं चोख की नाव ठेवायला कुणाला जागा नव्हती. पण सुट्टी मिळाली की बाई गोंदियाची गाडी पकडायची आणि बिरसीजवळ भैयाजीमामांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उभे असलेले दोन प्राचीन दगड मोजत बसायची. तिचं म्हणणं होतं, जुन्या लोकांनी ते सूर्य पाहायला रोवले. डिसेंबरातल्या सगळ्यात लहान दिवशी जवळच्या दगडामागे उभं राहिलं, तर सूर्य नेमका लांबच्या दगडाच्या टोकावर मावळतो. गेल्या वर्षी ऐनवेळी ढग आले, त्यामुळे हे सारं अजून कागदावरच होतं.

विभागप्रमुख उमेंद्र सरांना हा नाद मुळीच पसंत नव्हता. एवढी हुशार बाई शेतात दगड मोजत फिरते, याचं त्यांना खरंच वाईट वाटे. शेवटी चेतनानंच सांगून टाकलं, "या वर्षी स्वतः बघायला या. सूर्य दगडावर नाही मावळला, तर हे काम बंद." अशी अट आपणहून घालायला छाती लागते. तिच्याकडे ती होती.

सर आले त्या दिवशी मामांनी पाहुणचारात कसर ठेवली नाही. चहा झाला, लाखोळीच्या डाळीचे वडे झाले. दगडांनासुद्धा चुना फासलेला! ते पाहून चेतना जरा चिडलीच, पण वेळ झाली होती.

सूर्य खाली आला, लाल झाला, आणि दगड सोडून, आपल्या रुंदीएवढा डावीकडे, निवांत बुडाला. बघायला जमलेला गाव चेतनाकडे वळला. बिरसीच्या धावपट्टीवरून उडालेलं शिकाऊ वैमानिकांचं एक विमान वरून घरघरत गेलं.

"गणित चुकतं कधीकधी," सर हळूच म्हणाले.

चेतना विचार करू लागली. सूर्य चुकत नाही. गणित तिनं पुन्हा पुन्हा तपासलं होतं. मग उरला कोण? सूर्याची रुंदी आणि दोन दगडांमधलं अंतर यांवरून तिनं मनातच हिशेब केला.

"गणित बरोबर आहे, सर. लांबचा दगड सरकलाय. उजवीकडे, हातभर."

मामांनी हातातला कप खाली ठेवला. "तुले कोणं सांगतलं वं?"

"सूर्यानं."

"पाहुणे येऊन राहिले होते ना, अन् दगड वाकडा दिसून राहिला होता," मामा रडवेले झाले. "ट्रॅक्टरनं काढलो, बाजूले घट्ट जागा पाहून सरळ गाडलो. पोरीचं काम मीच बुडवलो."

"बुडवलं कुठं, मामाजी? तुम्ही तर माझं गणित तपासून दिलं!" तिला हसू आवरेना. तिनं फावडं मागवलं. दगडाच्या डावीकडची भुसभुशीत माती उकरली, तसा जुना खड्डा उघडा पडला. सरांनी गुडघे टेकले आणि स्वतःच्या हातानं अंतर मोजलं. हातभरच होतं.

"सूर्य अजून दोन-तीन दिवस तिथंच मावळतो," चेतना म्हणाली. "थांबता?"

सरांनी परतीचं तिकीट रद्द केलं.

दुसऱ्या दिवशी दगड जुन्या खड्ड्यात, होता तसा वाकडाच उभा केला. संध्याकाळी सूर्य उतरला आणि थेट त्याच्या टोकावर टेकला. सर जवळच्या दगडामागून तो बुडेपर्यंत पाहत राहिले. मामांनी डोळे पुसले आणि ते सरांकडे वळले.

"सायेब, मी आता दगडाले हात लावत नाही. तुमी पोरीले अडवू नोका."