सायमाच्या तळघरातला बॉयलर

मित्रांनो, दूर उत्तरेतल्या बर्फाळ हॅनकॉक गावात टेकडीच्या उतारावर म्हाताऱ्या सायमा निएमीचं घर आहे. त्या घराच्या तळघरात मी उभा आहे. मला बॉयलर म्हणतात. ओतीव लोखंडाचा, अंगाने बैलाएवढा, आणि आता पोटात आग नसलेला. सोमवारी माणसं घण घेऊन येणार आहेत. माझे तुकडे केल्याशिवाय मी जिन्यातून वर निघणार नाही, असं त्यांचं म्हणणं आहे, आणि ते बरोबर आहे. म्हणून आजच सांगून टाकतो.

मी आलो तोही तुकड्यांतच. वाळूच्या साच्यांत ओतलेले माझे भाग एकेक करून या जिन्यावरून उतरवले आणि इथे जोडले. तेव्हा घर सायमाच्या सासऱ्यांचं होतं. ते तांब्याच्या खाणीत काम करायचे. आधी मी कोळसा खाल्ला, पुढे गॅसवर आलो. काम एकच होतं. पाणी तापवायचं आणि वर पाठवायचं. ते नळांतून चढे, खिडक्यांखालच्या लोखंडी रेडिएटरांत फिरे, खोल्या तापवी आणि निवून माझ्याकडे परत येई.

वरच्या खोल्या मी कधीच पाहिल्या नाहीत. परत येणाऱ्या पाण्यावरून मला घर कळायचं. कुणी ओले हातमोजे रेडिएटरवर वाळत घातले, की पाणी जरा जास्त निवून येई. सायमा वेलदोड्याच्या गोड पावाचं पीठ फुगायला तिथेच ठेवायची. बाहेर बर्फ खिडक्यांच्या वर चढलेला असायचा. मला बाहेरचं एवढंच ठाऊक.

आठवडाभर खाली कुणी येत नसे. शनिवारी मात्र सगळे येत. माझ्या शेजारीच सौना आहे, फळ्यांनी मढवलेली घाम काढायची खोली. फिनलंडहून आलेल्या या लोकांच्या घरात ती असतेच. सायमाचा नवरा ताउनो लाकडं पेटवी, दगड तापवी. शेजारीपाजारी येत, घाम काढून लालबुंद होत आणि माझ्याजवळच्या बाकावर बसून कॉफी पीत. "या म्हाताऱ्याची मजा आहे," ताउनो माझ्याकडे बोट दाखवून म्हणे, "हिवाळाभर घरात बसून असतो, आणि बायको काही बोलत नाही." लोक हसत. तेवढं हसणं मला पुढच्या शनिवारपर्यंत पुरायचं.

ताउनो वारला. एका माणसासाठी सौना पेटवणं सायमाला पटेना. शेजाऱ्यांना वाटलं, बोलावल्याशिवाय कसं जायचं. सायमाला वाटलं, बोलावलं तर ती एकटी पडली आहे असं दिसेल. कुणीच काही बोललं नाही. सौनात खोकी रचली गेली. शनिवार इतर दिवसांसारखाच झाला. वरच्या मजल्यावरच्या पावलांचा आवाज मी ऐकत राही. तोही कमी होत गेला.

मग सायमाने वरची झोपायची खोली बंद केली आणि तिथल्या रेडिएटरची चावी फिरवून त्याचं पाणी बंद केलं. एकटीला एवढी खोली कशाला, असा तिचा हिशेब. त्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीतल्या नळात पाणी गोठलं आणि नळ चिरला. भिंतीच्या आतून पाणी झिरपू लागलं. जेवढं गळे तेवढं नवं गार पाणी माझ्यात येई. तापलेल्या लोखंडावर गार पाणी सतत पडत राहिलं तर काय होतं, ते लोखंडाला सांगावं लागत नाही. मी आतून गंजलो, मला घर पुरतं तापवता येईना, आणि एके दिवशी तडकलो. जेवणघराच्या छतावर डाग पडला होता, असं मी नंतर ऐकलं. सायमाने तो पाहिला होता. तिने जेवायची खुर्ची दुसऱ्या बाजूला घेतली.

यंदा शरद ऋतूत माझ्याखाली पाण्याचं तळं दिसलं, तेव्हा दुरुस्ती करणारा रँडी आला. सायमाचा मुलगा डेलही दक्षिणेतल्या शहरातून गाडी चालवत आला. रँडीने माझा गॅस बंद केला आणि दोन वाटा सांगितल्या. माझ्या जागी नवा बॉयलर बसवायचा, म्हणजे नळ आणि रेडिएटर राहतील, पण खर्च जास्त. किंवा फर्नेस बसवायची. ती पाण्याऐवजी हवा तापवते आणि पंख्याने घरभर ढकलते. स्वस्त पडते, लवकर तापवते, उन्हाळ्यात तिलाच थंड हवेचं यंत्र जोडता येतं. फक्त हवा न्यायला पत्र्याची रुंद नळकांडी लागतात, आणि त्यांना या घरात एकच रस्ता आहे. सौना तोडून.

डेलला फर्नेस पटली. "आई, सौनात नुसती खोकी आहेत," तो म्हणाला. "आणि उन्हाळ्यात तुला गार हवा मिळेल."

सायमा भिंत धरून, पाठमोरी जिना उतरून आली होती. "इथला उन्हाळा गुरुवारी येतो आणि शुक्रवारी जातो," ती म्हणाली. "त्याच्यासाठी यंत्र?"

जाताना एवढंच म्हणाली, की शनिवारी खोकी बाहेर काढ, मग ठरवू.

शनिवारी डेलने खोकी काढली, लाकडं पेटवली. दोघं आत बसली. सौनात आवाज चढवायचा नाही, चर्चमध्ये वागतो तसं वागायचं, ही इथली रीत. फळ्यांच्या भिंतीतून मला सगळं ऐकू येत होतं. तापलेल्या दगडांवर पाणी पडल्याचा चरचराट झाला. मग सायमा म्हणाली, "गेला हिवाळाभर मी कोट घालून झोपत होते. खाली, सोफ्यावर."

डेल हळूच म्हणाला, "मी दर रविवारी फोन करत होतो, आई. तू ठीक म्हणायचीस."

"तू विचारायचास, सगळं ठीक ना. मग माणूस काय म्हणणार?"

पुन्हा पाणी चरचरलं.

"बरं, आता विचारतो. गार वाटतं का?"

"वाटतं," सायमा म्हणाली. "फर्नेस बसवलीस तर घर तापेल रे. पण खाली उतरायला मला कारण राहणार नाही, आणि टेकडी चढून इथे यायला कुणाला. बॉयलर बसव. शेजारच्यांना शनिवारी यायला मी सांगते."

"मी सांगतो," डेल म्हणाला.

"तू गप्प बस. मी सांगते म्हटलं ना."

नंतर दोघं बाहेर येऊन बाकावर बसली. डेलच्या अंगातून वाफ निघत होती. दमून त्याने पाठ माझ्यावर टेकली. मी कित्येक दिवस विझलेला, दगडासारखा गार. मित्रांनो, त्या पाठीची ऊब माझ्या लोखंडात उतरली. इतकी वर्षं मी या घराला ऊब दिली, पण कुणाकडून घेण्याची माझी ती पहिलीच वेळ.

नवा बॉयलर छोटा आहे म्हणे, भिंतीवर टांगतात. त्याला इथलं एकटेपण कमी जाणवेल, असं वाटतं. माझं मागणं एवढंच आहे. तुमच्या घरात एखादं यंत्र किंवा माणूस वर्षानुवर्षं मुकाट्याने काम करत असेल, तर वरूनच 'सगळं ठीक ना' विचारू नका. जिना उतरून जा आणि हात लावून बघा. लोखंड गार आहे की गरम, ते विचारून कळत नाही.