घेता का?

वारंगा फाट्याला आमच्या कॉलेजची दोन वसतिगृहं आहेत. एकात नुसती पोरं. दुसऱ्यात खाली पोरी, वर आम्ही पोरं. मधल्या जिन्याला एवढं मोठं कुलूप आहे की आधी ते आणलं असावं आणि मग त्याच्यासाठी इमारत बांधली असावी.

तरी सभा भरली. समाजशास्त्राच्या वैजनाथ सरांनी संशोधन केलं होतं: मिश्र वसतिगृहात मुलं व्यसनी होतात. ठराव आधीच लिहून तयार होता: पोरींनी गाशा गुंडाळायचा. दीक्षा साखऱ्याची, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. साखऱ्याहून रोज यायचं तर हेलिकॉप्टर लागलं असतं. म्हणजे कॉलेज बंद. तिचे वडील रत्नपालकाका मागच्या बाकावर बसले होते, पायाशी तिची पेटी.

"मिश्र वसतिगृहात जवळपास सगळेच घेतात," सर वाचत होते. "मुलीसुद्धा. रोज. काही तर तोंड धुतल्याबरोबर."

अध्यक्ष हरिचंदराव पुढं झुकले. "अन् नुसत्या पोरांच्यात?"

"शून्य, साहेब."

रत्नपालकाका उठले. ते पोरीकडे वळले.

"दीक्षा, तू घेतीस?"

"व्हय, बाबा," दीक्षा उभी राहत म्हणाली.

"काहून?"

"काहून म्हंजे? तुमच्यासमोरच घेते की लहानपणापासून. आईच देती, बशीत ओतून."

आता सगळे काकांकडे बघायला लागले. मी त्यांच्याच बाकावर होतो; जरा लांब सरकलो.

"बशीत?" काकांनी विचारलं. "पोरी, तू चहाचं बोलून राहिली का?"

"मंग? सरांच्या कागदावर 'आपण घेता का? किती वेळा?' एवढंच होतं. दुसरं काय घेत्यात?"

अध्यक्ष सरांकडे वळले. "काय घेता, ते लिवलंच न्हाई तुमी?"

"मुलींच्या हातात द्यायचा कागद, साहेब," सर कानापर्यंत लाल झाले. "तो शब्द कसा लिहायचा?"

मी तर उत्तरापुढं 'आलं घालून' असं लिहिलं होतं. सरांनी ते वेगळं व्यसन धरलं होतं.

"पण सर," दीक्षा अजून उभीच होती, "तिकडची पोरं चहा घेतच न्हाईत का?"

पहिल्या बाकावर कुलदीप होता, पोरांच्या वसतिगृहाचा प्रतिनिधी. अध्यक्षांनी त्याला उठवलं. "तुला काय समजलं होतं रे, घेणं म्हंजे?"

"तेच, साहेब. बराबर समजलं होतं. म्हणून तर सगळ्यांनी 'न्हाई' लिवलं."

बोलून तो बसला. आपण काय बोललो हे त्याला बसल्यावर कळलं.

हरिचंदरावांनी ठरावाचा कागद पालथा घातला. "पोरी कुठंच जाऊन न्हाई राहिल्या," ते म्हणाले. "अन् सर, पुढचं संशोधन कुलदीपच्या खोलीत करा."

तेवढ्यात शिपाई सोनाजी किटली घेऊन आत आला. त्याला बिचाऱ्याला काहीच ठाऊक नव्हतं.

"घेता का?"

एकही हात वर झाला नाही. रत्नपालकाकांनी पायानं पेटी बाकाखाली ढकलली आणि घसा साफ केला.

"दोन दे. पोरीला बशीत."