कोरायचं राहिलेलं साल

दगडाखाली पहार शिरली तसा सफ्ताने तिच्यावर पाय ठेवला.

"मावशी, पाय काढ. चेंगरेल," तुदोरेल म्हणाला. तो प्रुनेतचा सरपंच होता, आणि लहानपणी सफ्ताच्याच झाडावरची आलुबुखारं चोरताना पडून त्याचा दात तुटला होता. त्यामुळे तिच्यापुढे त्याचा आवाज फारसा चढत नसे.

"चेंगरू दे. नाव माझं आहे त्याच्यावर."

नाव होतंच. तिच्या नवऱ्याला, ग्लिगोरला, तीस वर्षांपूर्वी द्राक्षमळा खणताना ही शिळा सापडली. त्याने ती स्वच्छ बाजू पुढे करून दफनभूमीत उभी केली आणि गावच्या रीतीप्रमाणे जिवंतपणीच दोघांची नावं कोरून घेतली. त्याचं मरणाचं साल नऊ वर्षांपूर्वी भरलं. तिच्या नावापुढे '१९५१' आणि एक आडवी रेघ. गेल्या आठवड्यात मागची भिंत ढासळली आणि शिळेच्या पाठीवरची रोमन काळातली अक्षरं उघडी पडली. कोणीतरी फोटो जिल्ह्याला पाठवला, आणि आज संग्रहालयाची गाडी दफनभूमीच्या दारात.

"त्यात आपल्या गावाचं नाव आहे, मावशी! प्रुनेतुम! दोन हजार वर्षांत नुसतं शेपूट गळलंय. गावाच्या पाटीवर खाली तेही लिहायचं. लोक बघायला येतील."

"कोणाला? तुला?"

पहारीवरचा माणूस हसला. तुदोरेलने त्याच्याकडे पाहिल्यावर पुन्हा पहारीवर वाकला.

"नवा दगड देतो. संगमरवरी."

सफ्ता संग्रहालयाच्या बाईंकडे वळली. इरिमेस्कूबाई गुडघ्यावर बसून मऊ ब्रशने माती काढत होत्या.

"बाई, मी मेल्यावर माझं साल तुमच्याकडे येऊन कोरता येईल?"

"नाही हो. एकदा आत आल्यावर छिन्नी लावता येत नाही."

"म्हणजे मी इथे खाली कुजणार, आणि तिकडे काचेमागे जिवंत."

तुदोरेल म्हणाला, "तसंही साल कोरायला कोण येणार आहे? ऑरिका?"

हे त्याने बोलायला नको होतं. ऑरिका सफ्ताची मुलगी. रोममध्ये एका म्हातारीचं हगणंमुतणं काढत होती. तीन ईस्टर झाले, आली नव्हती. सफ्ताने पाय पहारीवर आणखी दाबला.

"काय लिहिलंय ते तरी वाचा," ती बाईंना म्हणाली.

इरिमेस्कूबाईंनी अक्षरांवरून बोट फिरवत सावकाश वाचलं. मध्येच सफ्ता म्हणाली, "आन्निस म्हणजे आपलं 'आनी', वर्षं. एवढं मलाही कळतं. आपल्यासारखंच बोलायचे की मेले."

"मार्कुस नावाचा रोमन फौजेतला शिपाई. नोकरी संपल्यावर इथेच जमीन घेऊन राहिला. साठ वर्षं जगला. दगड बायकोने उभारला, वालेरियाने. नवऱ्यासाठी आणि स्वतःसाठी. विवा."

"विवा? जिवंतपणी?"

"हो. जिवंतपणीच करून घेतला. तेव्हाही तशी रीत होती."

सफ्ताने पहारीवरचा पाय काढला. शिळेला वळसा घालून मागे गेली आणि वाकून पाहू लागली. शेवटच्या ओळीत वालेरिया, मग 'जगली', मग 'वर्षं', आणि पुढे तळहाताएवढी कोरी जागा.

"हिचा आकडा कुठाय?"

"कोरायचा राहिला. असं आढळतं कधीकधी. मुलं दूर गेली असतील, कोण जाणे."

सफ्ताने डोक्यावरच्या रुमालाचं टोक सोडलं, थुंकी लावली आणि त्या कोऱ्या जागेतलं शेवाळ पुसून काढलं. बाकी अक्षरांना तिने हात लावला नाही.

"लिहून घ्या, बाई," ती उठत म्हणाली. "माझं साल पडेपर्यंत दगड इथेच. ते कोरल्याचं डोळ्यांनी बघायचं आणि मग न्यायचा. बघायला तुम्ही स्वतः यायचं."

इरिमेस्कूबाईंनी वही काढली आणि खरोखरच लिहून घेतलं.

"आणि माझी पाटी?" तुदोरेल कळवळून म्हणाला.

"रंग मागवून ठेव. तुझा रंग वाळेपर्यंत मी जातेच."

शनिवारी मृतांची प्रार्थना होती. पाद्रीबाबांनी वाचायच्या नावांच्या याद्या बाया घरून लिहून आणत. डावीकडे जिवंत, उजवीकडे गेलेले. सफ्ताने मात्र देवळाच्या ओट्यावर बसून लिहिली. जिवंतांत ऑरिका. गेलेल्यांत आई, बाप, दोन भाऊ, ग्लिगोर. मग पेन पुन्हा डाव्या बाजूला गेलं, तिथे थोडं थांबलं आणि उजवीकडे आलं.

पाद्रीबाबांनी चष्मा वर करून यादी पाहिली.

"ही वालेरिया कोण? तुमच्यात कोणी गेल्याचं ऐकलं नाही."

"शेजारीण," सफ्ता म्हणाली. "गेली होती. कोणी सांगायला आलं नव्हतं."