पदकाचं रक्त

दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात आजोबांचं पदक दिमाखात बसलं होतं. आजोबा तान्हे असताना सरकारी डॉक्टरांनी बाळांची डोकी मोजून 'उत्तम वंश' निवडून त्यांना पदकं दिली होती, आणि हलक्या ठरवलेल्या बायकांची नसबंदी केली होती.

धाकट्या नातवानं लाँड्रीवाल्याची मुलगी पसंत केली, तेव्हा वडिलांनी नाक मुरडलं. "आपलं रक्त पदकाचं आहे. आधी त्यांचं घराणं तपासून घे."

"तपासून झालंय," आजोबांची थोरली बहीण म्हणाली. "डोकी मोजली त्या दिवशी तुझा बाप तापानं फणफणला होता. म्हणून आईनं मोलकरणीचं बाळ आपलं सांगून नेलं. ते बाळ म्हणजे या मुलीचे आजोबा. पदक त्यांचं."

धाकट्याला हसू आवरेना. "आणि मोलकरणीला काय मिळालं?"

"नसबंदी."

वडिलांनी कपाटातल्या पदकाकडे पाहिलं.

"म्हणजे त्यांचं घराणं तोलामोलाचं आहे," ते म्हणाले.