परीचं रडणं

बनाबाईनं नातीला मुद्दाम कोर्टातल्या पुढच्या बाकावर बसवलं होतं. तिच्या लेकाच्या, पवनच्या आधीच्या दोन्ही मारामारीच्या खटल्यांत हीच युक्ती कामी आली होती. शिक्षेचा विषय निघाला की पोरीच्या मांडीला करकचून चिमटा काढायचा, पोरगी टाहो फोडायची आणि वकील हात जोडायचे, "साहेब, कोवळं वय आहे, पदरी लेकरू आहे." दोन्ही वेळा पवन थोडक्यात सुटला.

यावेळी त्यानं मोताळ्याच्या बाजारात एका रिक्षावाल्याचा जबडा लोखंडी पान्यानं असा फोडला होता, की साक्षीला आलेल्या त्या माणसाचं बोलणं कुणालाच कळेना. बनाबाईला त्याचं काय? तिला आपला लेक घरी हवा होता.

"शिक्षेबद्दल काही सांगायचं आहे?" साहेबांनी पवनला विचारलं.

बनाबाईनं चिमटा काढला. चार वर्षांच्या परीनं ओठ दाताखाली धरला. बनाबाईनं नख रुतवलं. पोरीचे डोळे भरले, पण पिंजऱ्यातल्या बापावरची नजर हलली नाही आणि तोंडातून आवाजही फुटला नाही.

"रड ना वं!" बनाबाई दात-ओठ खात कुजबुजली.

साहेबांनी सात वर्षं सुनावली, तशी बनाबाईनंच गळा काढला, "माह्या लेकाले सोडा हो!"

परीनं घाईघाईनं आपला इवलासा हात आजीच्या तोंडावर दाबला.

"रडू नको, आजी," ती तिच्या कानात म्हणाली. "रडलं का पप्पा मारते. अजून गेले नाही ते."