पुलावरचे दादूमियाँ

इंटरव्हल झालं तेव्हा पडद्यावर राक्षस नायकाला गिळत होता आणि माझ्या शेजारी केतकी रडत होती. मला वाटलं, नायकासाठी रडतेय.

"अगं, पोस्टरवर तो तलवार घेऊन उभा आहे. म्हणजे सुटणार."

"रितेश," ती म्हणाली, "दादूमियाँ पुस्तकात नाहीयेत."

"सिनेमात नाहीयेत. म्हणून तर आपण आलोय."

"पुस्तकात नाहीयेत, गाढवा. कधीच नव्हते. ते मी केलेत."

माझ्या तोंडात समोसा होता. तो मी खाल्ला नाही आणि थुंकलोही नाही. बराच वेळ तो तसाच राहिला.

इथे थोडं मागं जावं लागेल. 'ऑर्नव्हेल' हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतले योद्धे आणि चेटकिणी होतात, आणि कोण जगतं कोण मरतं ते फासे ठरवतात. केतकी पुण्याहून नोकरीसाठी हैदराबादला आली तेव्हा सामानात एक मोठा कुकर आणि हा खेळ घेऊन आली. कुकर आमच्या आईनं उसना नेला तो विद्यानगरला आमच्या घरीच राहिला. खेळ राहिला हिमायतनगरला, तिच्या फ्लॅटवर, आणि दर रविवारी आम्ही तिघं तिथं: मी, माझी बहीण रेणू आणि श्रीकांत. केतकीसमोर साडीच्या खोक्याचा पुठ्ठा उभा असतो. त्याला आम्ही अंतरपाट म्हणतो. अंतरपाटापलीकडे नियमांचं जाड इंग्रजी पुस्तक, आणि तिकडे डोकवायचं नाही असा रिवाज. आम्ही तो वर्षानुवर्षं पाळला. खरं सांगायचं तर पाळायला अवघड नव्हता. पुस्तक फारच जाड होतं.

ऑर्नव्हेलच्या उत्तरेला बर्फाचे डोंगर आहेत, डोंगरात दरी, दरीवर दगडी पूल, आणि पुलावर दादूमियाँ नावाचं भूत. ते बशीतून चहा पितं आणि त्यात हैदराबादचं उस्मानिया बिस्किट बुडवतं. पूल ओलांडायचा तर त्यांना असा टोमणा मारायचा, जो त्यांनी मेल्यापासून ऐकलेला नाही. टोमणा जुना निघाला की ते म्हणतात, "परसों आओ." आणि हैदराबादेत परसों म्हणजे कधीही. फक्त एक नियम कडक: पुलावर कोणी बोलत असताना मध्ये तोंड घालणारा तीन गावं मागं.

युरोपातल्या एका बर्फाळ गावातल्या बाईंनी लिहिलेल्या खेळात उस्मानिया बिस्किट आलं कुठून, हा प्रश्न आम्हा तीन शिकलेल्या माणसांना कधी पडला नाही. रेणू तर एम.ए. आहे.

त्यामुळे या खेळावरच्या सिनेमाचा ट्रेलर आला आणि त्यात पूल होता पण भूत नव्हतं, तेव्हा आम्ही पेटलो. सगळ्यात जास्त पेटला श्रीकांत. त्यानं 'दादूमियाँ कहाँ है' नावाची मोहीम काढली, त्यात पुलाचे सगळे नियम लिहून टाकले. छातीवर 'परसों आओ' लिहिलेले काळे टी-शर्ट छापले. शेकडो लोक आले. त्यातल्या निम्म्यांना वाटत होतं की खरंच कोणी वयस्कर गृहस्थ हरवलेत. मेहदीपटनमच्या एकानं तर त्यांना बसस्टॉपवर पाहिल्याचं कळवलं.

मोहीम एवढी गाजली की सिनेमावाल्यांनी श्रीकांतला बोलावलं. सिनेमातला राक्षस हैदराबादच्याच एका स्टुडिओत तयार झालेला, म्हणून इथं प्रदर्शनाआधी खास सकाळचा शो ठेवला होता, आबिड्सजवळच्या जुन्या एकपडदा थिएटरात. खेळ लिहिणाऱ्या मार्गिट लुंडबाई स्वतः येणार होत्या. सिनेमा संपल्यावर चाहत्यांचे प्रश्न. पहिला प्रश्न श्रीकांतचा, माइकवर, भरलेल्या थिएटरासमोर.

आणि श्रीकांत तोतरा होता.

अजूनही आहे. पण तो पहिल्यांदा आमच्या टेबलाशी आला तेव्हा बोलतच नसे. हॉटेलात आवडेल ते न मागता म्हणता येईल ते मागायचा. द त्याला सगळ्यात जड. इथं डोशाला दोसा म्हणतात, म्हणून त्याला तो 'वो गोल वाला' म्हणायचा. त्याच्याकडून पहिलं सबंध वाक्य आम्ही ऐकलं ते पुलावर. भुताला हाक मारल्याशिवाय भूत बशी खाली ठेवत नव्हतं, आणि मध्ये कोणी बोलायचं नव्हतं. केतकीचा चहा गार झाला, रेणूनं नखं संपवली, मग श्रीकांत म्हणाला, "दादूमियाँ, आपके कफन से तो मेरे मामू का रुमाल बड़ा है." त्या दिवशी आम्ही तिघांनी त्याच्याच जिवावर पूल ओलांडला. नंतर मी मनात म्हणालो होतो, काय क्रूर पुस्तक आहे, नेमकं द वरच नाव.

"नाव मुद्दाम ठेवलं," केतकी आता म्हणत होती. "तो नियमसुद्धा. त्याला वेळ मिळावा म्हणून. मला वाटलं दोनतीन रविवार चालेल. मग त्यानं टी-शर्ट छापले. टी-शर्ट छापल्यावर कसं सांगायचं?"

तिनं स्वतः तोच टी-शर्ट घातला होता.

"आणि तो माइकवर विचारणार, दादूमियाँना कैकू काटे," मी म्हणालो. "आणि बाई म्हणणार, कोण दादूमियाँ."

"आणि लोक हसणार."

"आणि तो परत गोल वाला मागणार."

केतकी उठली. श्रीकांत पहिल्या रांगेत होता, आम्ही बाल्कनीत. फोन दारातच काढून पिशव्यांत बंद केले होते, कोणी चोरून चित्रण करू नये म्हणून. आम्ही दोघं जिना उतरून खाली गेलो, तर तिथं दोरी होती आणि दोरीपाशी एक धिप्पाड माणूस.

"मेरेको बस एक मिनट, भैया. वो मेरा दोस्त है."

"सब का दोस्त है, मॅडम. पीछे."

"अर्जंट है."

"पिच्चर में अर्जंट क्या होता जी?" त्याचंही बरोबर होतं.

"पुरुषांच्या बाथरूमला बघ," केतकी माझ्याकडे वळली. "घाबरला की तो आरशासमोर जातो. जा, पळ."

मी पळालो. श्रीकांत आरशासमोरच होता. एका हातात कंगवा, माइकसारखा धरलेला. शेजारी दोन माणसं हात धुता धुता आदरानं बाजूला सरकली होती.

"मॅडम," तो आरशाला म्हणाला, "दादूमियाँ को कैकू काट दिए?"

एकही अडखळ नाही. द सुद्धा लोण्यातून सुरी जावी तसा गेला. आजवर कितीतरी द ऐकले मी त्याचे, असा एकही नाही.

"श्री," मी म्हणालो, "मला तुला एक..."

त्यानं हात वर केला. डोळे आरशावरून हलवलेसुद्धा नाहीत. पुलावरचा नियम. मी थांबलो. त्यानं वाक्य पुन्हा म्हटलं, पुन्हा स्वच्छ. मग माझ्याकडे वळून हसला. "रित्या, बघितलंस? आता बोल, काय म्हणत होतास?"

घंटा वाजली. खरं म्हणजे घंटा वाजल्यावरही सांगता आलं असतं. तीन शब्दांचं काम होतं. मी म्हणालो, "शर्टाचं लेबल बाहेर आलंय."

"थँक्यू," तो म्हणाला. लेबल आत घालून गेला.

इंटरव्हलनंतरचा सिनेमा मला सांगता येणार नाही. नायक राक्षसाच्या पोटातून बाहेर आला, कसा ते राक्षसालाच माहीत. पूल आला. तीस-चाळीस काळे टी-शर्ट एकदम ओरडले, "दादूमियाँ!" पुलावर एक दाढीवाला फुटकळ सैनिक होता, नायकानं त्याला ढकललं आणि पूल ओलांडला. "चीटिंग!" कोणीतरी ओरडलं. रेणू सगळ्यात मोठ्यानं ओरडली. तिला आम्ही सांगितलं नव्हतं. कोणी तरी आनंदात असायला हवं होतं.

"सांगितलंस?" केतकीनं अंधारात विचारलं.

"लेबलचं सांगितलं."

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी तिच्या जागी असतो तर मीही माझ्याकडे पाहिलं नसतं.

दिवे लागले. लुंडबाई स्टेजवर आल्या. बारीक, पांढऱ्या केसांच्या, हातात स्वतःची पाण्याची बाटली. सूत्रसंचालन करणारी मुलगी दर वाक्यानंतर टाळ्या मागत होती. "और पहला सवाल, दादूमियाँ फेम, श्रीकांत!" टाळ्या झाल्या. श्रीकांत उभा राहिला. पाठीवरून दिसत होतं, लेबल आत होतं.

"मॅडम," तो म्हणाला. आवाज चांगला होता. "मेरा सवाल है के..."

आणि जीभ दातांना टेकली आणि तिथंच राहिली.

माइकमधून फक्त श्वास येत होता. थिएटरभर तो श्वास ऐकू येत होता.

"हाँ, बोलिए बोलिए," मुलगी म्हणाली.

द. द. श्वास.

"डायरेक्टर?" मागून कोणीतरी मदत केली.

"दरवाज़ा?"

"दोसा!" आणि हशा पिकला. वाईट नव्हता तो हशा, म्हणजे ज्यांना काही माहीत नाही त्यांचा. तो जास्त पसरतो.

"सर, टाइम कम है," मुलगी म्हणाली आणि माइक घ्यायला वाकली. "दूसरा सवाल..."

केतकी खुर्चीवर चढली. ऑफिसातही ती हळू बोलते म्हणून तिला वर्षअखेरीच्या मूल्यमापनात ऐकावं लागतं. आज ती बाल्कनीतून अशी ओरडली की खालचा तो धिप्पाड माणूस दोरीसकट वळला.

"पुल पे बीच में बोला तो तीन गाँव पीछे!"

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग काळ्या टी-शर्टांना कळलं. "तीन गाँव पीछे!" रेणू. "तीन गाँव पीछे!" मी. मग सगळे. मेहदीपटनमवालाही असावा. डोसावाल्याला त्याच्या शेजाऱ्यांनी खाली बसवलं. मुलीनं हात मागं घेतला. मग शांतता झाली, आणि कोणीच घाईत नव्हतं.

"दादूमियाँ को," श्रीकांत म्हणाला, "कैकू काट दिए?"

टाळ्या. मुलीनं इंग्रजीत सांगितलं. लुंडबाईंनी कानाला हात लावला, पुन्हा विचारलं, पुन्हा ऐकलं. माझ्या खांद्याला केतकीची नखं लागत होती.

"मॅडम पूछ रहे," मुलगी म्हणाली, "दादूमियाँ कौन? किताब में तो ऐसा कोई है ही नहीं, बोल रहे."

हशा सुरू होण्याआधी एक पोकळी असते. त्या पोकळीत श्रीकांत मागं वळला. बाल्कनीकडे. तो मला शोधत नव्हता. केतकी अजून खुर्चीवरच उभी होती. तिनं मान खाली घातली नाही. फक्त हलवली. नाही.

तो बघत राहिला. मला त्याचा चेहरा लांबून नीट दिसला नाही, आणि बरं झालं.

मग तो स्टेजकडे वळला. माइक त्यानं अजून दिला नव्हता.

"पुल पे बैठते," तो म्हणाला. थांबत, अडत, पण म्हणाला. चहा, बशी, बिस्किट, टोमणा, सगळं. लोक ऐकत होते. "जो नया बोलेगा, वो पार. आपका पिच्चर, मॅडम, पार नहीं हुआ. आपका पिच्चर ऐसा है... बारात आ गई. घोड़ा आ गया. बँड आ गया." इथं तो द वर पुन्हा अडला, आणि कोणी मदत केली नाही. "दूल्हा अब्बी तक पार्किंग ढूँढ रा."

थिएटर कोसळलं. मुलीला भाषांतराला बराच वेळ लागला, कारण आधी वरात समजावावी लागली. लुंडबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, मी निर्मात्यांना अगदी हेच सांगितलं होतं, फक्त माझ्या सांगण्यात घोड्याऐवजी जहाज होतं.

बाहेर ऊन होतं. फोन परत घ्यायची रांग होती. लोक श्रीकांतबरोबर सेल्फी काढत होते, तो प्रत्येकाला काढू देत होता. मग आमच्याकडे आला. रेणू काही विचारणार होती, मी तिचा पाय दाबला.

"श्री, मी..." केतकी म्हणाली.

"केव्हापासून?"

"पहिल्यापासून."

"आणि द?"

"द मुद्दाम."

एक रिक्षावाला "कोठी, कोठी" करत गेला.

"रित्याला गाढव म्हणतेस," तो म्हणाला. "रेणूला म्हैस म्हणतेस. दर रविवारी. मला इतक्या वर्षांत एकदाही काही म्हणाली नाहीस. मला वाटायचं, मी खेळतो चांगला."

हे पहिल्यांदाच माझ्या लक्षात येत होतं. मी दर रविवारी गाढव होत होतो तेव्हा तो तिथंच बसलेला असायचा.

श्रीकांत दोन पावलं मागं सरकला, थिएटरच्या पायरीवर बसला आणि समोरून जाणाऱ्या चहावाल्याला बोट दाखवलं. चहा आला. बशी नव्हती, कागदी कप होता. त्यानं एक घोट घेतला आणि केतकीकडे बघितलं.

"मला वगळू नकोस. नवीन पाहिजे," तो म्हणाला. "नाही तर परसों."

"तू गाढव आहेस," केतकी घाईनं म्हणाली.

"ते रित्याचं आहे. परसों."

"तू... तुझं डोकं म्हणजे..."

ती थांबली. तोंड उघडं राहिलं. ओठ हलले, शब्द आला नाही. माझ्या डोक्यात श्रीकांतसाठी तीन अप्रतिम टोमणे तयार होते, वर्षानुवर्षं न वापरलेले, एकही वाया जावा असा नव्हता. रेणूनं माझा पाय दाबला.

श्रीकांत चहा पीत होता. त्याला कसलीच घाई नव्हती. आम्ही उन्हात उभे होतो आणि कोणी मध्ये बोलत नव्हतं.